दोन खांबांमधलं दुकान

रोमन साम्राज्य मोडलं आणि शहरं ओस पडली, असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अड्यारच्या कॉलेजात मी वीस वर्षं घसा फोडून हेच शिकवत आले: शहरं मेली नाहीत, बदलली. रुंद रस्त्यांच्या कडेला खांबांच्या ओसऱ्या होत्या. दुकानदारांनी आधी दोन खांबांमध्ये फळी टाकली, मग भिंत घातली, मग आत चूल मांडली. रस्त्याची गल्ली झाली. जुने पंडित याला ऱ्हास म्हणत. मी म्हणायचे, अहो, माणसं तगली ते बघा की!

दरवर्षी मुलांना घेऊन मी शहराच्या जुन्या बाजारपेठेत, जॉर्ज टाउनला जायचे. तिथे एका जुन्या इमारतीच्या ओसरीत, दोन दगडी खांबांच्या मध्ये, एक म्हातारे गृहस्थ सुतळी आणि दोर विकत. त्यांच्या खांबावर थाप मारून मी व्याख्यान झोडायचे. ते खूश होऊन सगळ्यांना पाणी द्यायचे आणि मला टीचर म्हणायचे.

मागच्या वर्षी ओसरी मोकळी करण्याची नोटीस लागली. त्यांनी मला विचारलं, "टीचर, माल हलवू का? पुतण्याकडे जागा आहे."

मी माझ्या मराठी वळणाच्या तमिळमध्ये तावातावाने म्हटलं, "अजिबात हलू नका, अय्या. अशाच दुकानदारांपुढे अख्खं साम्राज्य हरलं. आत माणूस बसलेला असला की कुणी हात लावत नाही." हे शेवटचं वाक्य मी कुठून काढलं, देव जाणे. पण शिकवणाऱ्या बाईचं बोलणं त्यांनी खरं मानलं.

बुलडोझर सकाळी दहाला आला. मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. शेजारच्या दुकानदारांनी सोड्याच्या बाटल्या फेकल्या, एका पोलिसाचं कपाळ फुटलं आणि लाठ्या सुरू झाल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या मनगटावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी चप्पल काढली आणि त्या शिपायाच्या तोंडावर हाणली. त्याची मला आजही लाज वाटत नाही.

म्हातारे मात्र आत सुतळीच्या गुंड्यांमध्ये मांडी घालून बसले होते. "आत माणूस आहे!" मी किंचाळले. त्या गोंधळात ऐकतो कोण? मशीनचा दात छपराला लागला, पत्रा कोसळला, त्यामागून खांब. धूळ बसली तेव्हा खांब त्यांच्या उजव्या पायावर आडवा पडला होता आणि पांढरी सुतळी रक्ताने भिजत चालली होती. ते ओरडतसुद्धा नव्हते, नुसते दगडाला दोन्ही हातांनी ढकलत होते.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आठवड्याने मी भेटायला गेले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "टीचर, तुमच्या त्या शहरांत तोडायला कुणी आलंच नव्हतं?"

आलं होतं. ओसऱ्यांतली बांधकामं पाडून टाका, असे सम्राटांचे हुकूम पुन्हा पुन्हा निघाले होते. मला ते चांगले माहीत होते. वर्गात मी ते गाळायचे, कारण त्यांच्याशिवाय गोष्ट जास्त रंगायची.

"आले होते," मी म्हटलं.

ते म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं, टीचर. मी उठलो असतो."