हत्ताच्या डोंगरात गुलेरचं राजघराणं

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही हत्ताला गेलो. डोंगर हे निमित्त होतं. पाहायचे होते ते व्याही.

आमची कन्या ईशा आणि तिच्याच ऑफिसातला विक्रांत गुलेरिया यांनी लग्न करायचं ठरवलं होतं. आम्हाला सांगितलं ते ठरवून झाल्यावर, हल्लीच्या रीतीप्रमाणे. मुलगा हिमाचलचा, कांगड्याकडच्या हरिपूर गावचा, रजपूत. त्याचे वडील आणि वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना तो ताया जी म्हणतो, असे दोघे आठवडाभर दुबईला आले होते. आईंचे गुडघे विमानाला तयार नव्हते, पण त्यांनी व्हिडिओ कॉलवर ईशाला पाहून ‘कुड़ी सोहणी है’ असा निकाल आधीच दिला होता.

वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त. आवाज परेड मैदानाच्या मापाचा आणि मिशा त्या आवाजाला शोभतील अशा. आमची पहिल्या चहातच गट्टी जमली. ताया जी मात्र किडकिडीत, गुळगुळीत दाढी केलेले आणि गप्प. गेल्या काही दिवसांत त्यांच्या तोंडून मी ‘बस, बस’ एवढंच ऐकलं होतं, तेही मंजिरी, म्हणजे आमची सौ., पानात भात वाढत असताना.

आदल्या दिवशी ईशा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “बाबा, ताया जींनी अजून येस म्हटलेलं नाही. विक्रांत इज सो टेन्स्ड.”

“अगं, ते कुणाशीच बोलत नाहीत.”

“दॅट्स द पॉइंट! त्यांच्या घरात ते हो म्हणाल्याशिवाय एंगेजमेंट होत नाही. आणि मंडेला त्यांची फ्लाइट आहे.”

“डोंगरातल्या माणसाला डोंगर दाखवू,” मी म्हणालो. “आपोआप मोकळा होईल.” माझ्या योजना अशाच असतात, ऐकायला उपनिषदासारख्या.

माझं शिक्षण वाईच्या संस्कृत पाठशाळेतलं. पूर्वपक्ष समजल्याशिवाय सभेत तोंड उघडू नये, असं गुरुजींनी बजावलं होतं. म्हणून मी आठवडाभर गुलेर संस्थानाचा इतिहास वाचत होतो. व्याह्यांना त्यांचाच इतिहास ऐकवून गार करायचं, असा बेत. मंजिरीचं म्हणणं, एवढा अभ्यास मी आमच्या लग्नाच्या वेळी केला असता तर तिच्या माहेरची निम्मी माणसं अजून माझ्याशी बोलत असती.

निघताना

सात आसनांची गाडी भाड्याने घेतली. सकाळी दुबईतल्या सिलिकॉन ओएसिसहून, म्हणजे आमच्या घरून, निघालो तर दीड तासात हत्ता येतं. वाचकांसाठी एक सूचना: जुना रस्ता मध्ये ओमानच्या हद्दीतून जातो, त्याच्या नादी लागू नका. मलीहाच्या बाजूचा रस्ता धरा. लांब आहे, पण गुळगुळीत आहे, आणि वाळू हळूहळू लाल होत जाते ती बघण्यासारखी.

गाडीत बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. विक्रांत चालवणार. मुलाचे वडील म्हणजे आपल्याकडे मुख्य पाहुणे, त्यांना पुढची सीट. मधल्या रांगेत आम्ही तिघं. मी ताया जींना विचारलं, “आप कहाँ बैठेंगे?”

“हम तो कहीं भी बैठ जाएँगे जी.”

आता, आमच्या मुलखात माणूस ‘कुठेही’ म्हणाला की त्याला कुठेही बसवतात. ‘चहा नको’ म्हणाला की खरोखर देत नाहीत. मी मधली सीट दुमडली आणि ताया जी वाकून, गुडघे छातीशी घेऊन, तिसऱ्या रांगेत जाऊन बसले. शेजारी थालीपिठांचा डबा आणि पाण्याचा बॉक्स. विक्रांतने आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली. होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच सहलीत कोण दुरुस्त करणार?

मलीहाच्या पुढे एका टपरीवर थांबलो. इथला कडक, दुधाळ करक चहा दोन दिरहम, म्हणजे पन्नास रुपये. ‘पन्नास रुपयांत आमच्याकडे अख्ख्या पलटणीला चहा,’ असं म्हणत सुभेदारांनी दोन कप संपवले. पहिला कप मी त्यांनाच दिला होता. मंजिरीने त्यांच्याच पानात पहिलं थालीपीठ ठेवलं. ताया जींना शेवटचं मिळालं, कारण डबा त्यांच्याजवळ होता आणि तो आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. त्यांनी ते मन लावून खाल्लं.

हत्ता

हत्ता म्हणजे दुबईचंच, पण दुबईपासून तुटून हजर पर्वतात जाऊन बसलेलं गाव. करडे, उघडे डोंगर, मध्ये खजुराची हिरवी बाग, आणि दोन टेकड्यांवर दोन गोल टेहळणी बुरूज. जुनं गाव दुरुस्त करून ठेवलंय. पाहायला पैसे पडत नाहीत. मातीची घरं, खजुराच्या झावळ्यांची छपरं, छोटासा किल्ला. थंडीत जा आणि स्वेटर न्या, डोंगरातला वारा चावतो. उन्हाळ्यात गेलात तर मी जबाबदार नाही.

सुभेदार भराभर बुरूज चढून गेले आणि वरून म्हणाले, “पोज़ीशन अच्छी है! पर पेड़ कहाँ हैं? बिना पेड़ का पहाड़ तो गंजा हुआ!”

ताया जी खालीच, बागेत पाणी नेणाऱ्या दगडी पाटाजवळ उभे होते. त्यांनी वाकून पाण्यात बोटं बुडवली.

सुभेदार उतरून आल्यावर सगळे पाटाजवळ, बुरुजाच्या सावलीत बसले आणि माझ्यातला व्याख्याता जागा झाला. मी सुभेदारांकडे तोंड करून बसलो आणि सुरू केलं.

गुलेर आधी नव्हतंच, होतं ते कांगडा. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची गोष्ट सांगतात. कांगड्याचा राजा शिकारीला गेला, रानडुकराच्या मागे लागून सोबत्यांपासून दूर गेला आणि घोड्यासकट एका कोरड्या विहिरीत पडला. सोबत्यांनी शोध शोध शोधलं, शेवटी राजा गेला असं समजून परत फिरले. क्रियाकर्म झालं, राण्या सती गेल्या, धाकट्या भावाला गादीवर बसवलं. आणि मग बऱ्याच दिवसांनी एक व्यापारी त्या वाटेने जात असता त्याला विहिरीतून आवाज आला. दोर सोडून त्याने वर काढलं, तर राजा!

“बाप रे,” मंजिरी म्हणाली. आठवडाभर मी घरात हेच वाचत होतो, पण बुरुजाच्या सावलीत ते तिला प्रथमच ऐकू आलं असावं.

“आता पेच पाहा. राजा जिवंत, पण त्याचं तेरावं उरकलेलं. गादीवर सख्खा भाऊ. आपल्याकडे असतं तर तीन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या. ह्या माणसाने गादी मागितलीच नाही. बाणगंगेच्या काठी गेला, नवा किल्ला बांधला, त्याच्या नावावरून हरिपूर वसलं आणि गुलेरचं वेगळं राज्य झालं. पुढे त्याच गुलेरात पहाडी चित्रकला अशी बहरली की बाकीच्या डोंगरी दरबारांनी तिथून चितारी नेले. शेवटी लाहोरच्या शीख दरबाराने राज्य गिळलं, पण तोवर चारशे वर्षं हे चाललं.” इथे मी आवाज चढवला. “आणि कळस म्हणजे, कांगडा मोठं, गुलेर लहान, तरी दोन्ही घराणी एकत्र जमली की पहिला मान गुलेरचा! का? कारण ती थोरल्याची शाखा. राज्य सोडलं तरी थोरलेपण सुटत नाही. थोरला आधी बसणार, मग बाकीचे. हेच तुमचं वैशिष्ट्य, सुभेदारसाहेब!”

सुभेदार मिशी चोळत जमिनीकडे पाहू लागले. विक्रांत बुरुजाच्या दगडांकडे पाहू लागला. ईशा हळूच म्हणाली, “बाबा. खलास. पुरे. प्लीज.”

मला वाटलं, माझं काही चुकलं की काय इतिहासात? मग माझं लक्ष ताया जींकडे गेलं. ते जरा लांब, पाटाच्या कडेला, आमच्या सगळ्यांच्या मागे बसले होते. बसायला जागा तिथेच उरली होती.

“आगे?” ते शांतपणे म्हणाले. “फिर क्या हुआ, पंडित जी?”

पुढे काय व्हायचं ते माझ्या अंगावर घाम बनून झालं होतं, जानेवारीत. पुढची सीट, पहिला चहा, पहिलं थालीपीठ, विमानतळावर सुभेदारांनाच पांघरलेली शाल, सगळं मला एकदम दिसलं. मी थोरल्याच्या घराण्याची थोरवी गात होतो आणि घराण्यातल्या थोरल्याला पाण्याच्या बॉक्सशेजारी कोंबून आणलं होतं.

मंजिरी कानाशी कुजबुजली, “अहो, आता काहीतरी करा. आणि बोलू नका.”

धरणाजवळ

गाडीपाशी आल्यावर मी तिसऱ्या रांगेत शिरलो. ताया जी दचकले.

“अरे नहीं नहीं, मैं कहीं भी…”

“ताया जी, आप आगे.”

“मैं ठीक हूँ जी पीछे।”

“आगे।”

“लंबी टाँगें आपकी…”

“टाँगें काट के रख देंगे, आप आगे बैठिए,” सुभेदारच गरजले आणि स्वतः मधल्या रांगेत बसले. दोन वेळा नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा विचारायचं असतं, हे पाठशाळेत शिकवलं नव्हतं. ताया जी पुढे बसले. पट्टा कसा लावायचा ते विक्रांतने दाखवलं. मागे माझे गुडघे कानाला लागत होते आणि वळणावळणाला थालीपिठांचा डबा माझ्या बरगड्यांची विचारपूस करत होता.

हत्ताचं धरण डोंगरांच्या कुशीत आहे. पाणी हिरवं, इतकं की खोटं वाटावं. छोट्या होड्या भाड्याने मिळतात, माणशी साठसत्तर दिरहम, म्हणजे दीड हजाराच्या घरात. पोरं दोघं होडीत गेली. आम्ही कठड्याशी उभे राहिलो.

ताया जी पहिल्यांदा आपणहून बोलले. त्यांच्याकडे धरण झालं तेव्हा हरिपूरच्या खालची बरीच जमीन पाण्यात गेली, त्यांचीही दोन शेतं. भाऊ तेव्हा शाळेत होता. पुढे तो फौजेत गेला, पोस्टिंगवर कुठे कुठे असायचा. उरलेली शेती, म्हशी, म्हातारे आई-वडील आणि नंतर विक्रांतची शाळा, हे सगळं ह्यांच्याकडे. लग्नाचं राहूनच गेलं.

“गोद में सोता था मेरी,” होडीकडे हनुवटी उडवत ते म्हणाले. “अब देखो, पानी में उल्टा चप्पू मार रहा है।”

खरंच होतं. होडी जागच्या जागी गरगरत होती आणि ईशा त्याला जे काही ऐकवत होती त्याचा फक्त सूर आमच्यापर्यंत पोचत होता.

खाली चहाची गाडी होती. मी चार करक आणले. पहिला कप दोन्ही हातांनी ताया जींना दिला. आणि मग, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ते केलं. हात जोडून म्हणालो, “ताया जी, मी मुलीचा बाप. तुमच्या विक्रांतला माझ्या ईशासाठी मागायला आलोय. तुमची परवानगी आहे का?” मराठीतच बोललो, घाबरल्यावर हिंदी पळून जाते. पण त्यांना कळलं.

त्यांनी कप कठड्यावर ठेवला. मंजिरीने माझी बाही घट्ट धरली होती.

“पंडित जी,” ते म्हणाले, “आप लोगों ने हॉल का पूछा, खाने का पूछा, तारीख का पूछा। सब इससे पूछा।” त्यांनी भावाकडे बोट केलं. “मेरी तो एयरपोर्ट से ही हाँ थी। पर कोई पूछे तो बोलूँ! बिना पूछे हाँ बोल दूँ, तो किसको बोलूँ?”

सुभेदार ओशाळून म्हणाले, “भाई जी, मैंने सोचा आप नाराज़ हैं।”

“नाराज़ तो था,” ताया जी म्हणाले. “कमर दुख रही थी।”

मंजिरी हसता हसता रडायला लागली. मग तिने चहाच्या गाडीवरून साखरेच्या दोन पुड्या आणल्या आणि ताया जींच्या हातात ठेवल्या. साखरपुडा म्हणजे काय ते मी समजावू लागलो, पण त्यांनी एक पुडी फोडून भावाच्या तोंडात रिकामीही केली होती. अर्धी साखर मिशीत अडकली.

मी विचारलं, वरातीत सगळ्यांत पुढे तुम्ही ना? कुठे, कसं, ते आत्ताच ठरवू.

त्यांनी मान हलवली. “आगे यही चलेगा। बाप तो यही है।” आणि चहाचा घोट घेऊन, “आपने पूछ लिया, मेरा मान हो गया। अब मैं जिसको चाहूँ दे दूँ।”

सुभेदार रुमाल काढून मिशीतली साखर पुसत राहिले, साखर संपली तरी.

घरी

ताया जी परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर झोपून गेले आणि हरिपूरच्या थंडीतल्या माणसाला शोभेल असे घोरले. संध्याकाळी घरी पोचलो. लग्न नोव्हेंबरात, हरिपूरला. येणाऱ्यांनी पठाणकोटपर्यंत यावं, तिथून पुढे सोय होईल. देवदार नाहीत तिथे, डोंगर बसका आहे, पण झाडं आहेत असं सुभेदारांनी बजावलंय.

हत्ता मला आवडलं. पुन्हा जाईन, मधल्या सीटवर. पण चहा घेताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. कांगडा-गुलेरचा सगळा मानापमान मला पाठ. आणि वाईला माझा स्वतःचा थोरला भाऊ आहे, त्याला मी ईशाच्या लग्नाबद्दल कळवलं होतं ते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, दोन ओळींत. त्याने अंगठा पाठवला होता. मला वाटलं, दादा मितभाषी आहे.

मी फोन लावला.

“दादा, ईशाच्या लग्नाचं…”

“हं. कळलं ग्रुपवर.”

“कळवायला नाही रे फोन केला. तुला विचारायचंय. करायचं का हे लग्न?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“थांब,” दादा म्हणाला. “बनियनवर आहे. सदरा घालून येतो, मग विचार.”