काळ्या सॉसेजवरचा आळ

फिनलंडमधल्या तांपेरे शहराच्या ताम्मेला चौकात त्यूने कोस्किमाकी नावाच्या बाईने एक्केचाळीस वर्षं रक्ताचं काळं सॉसेज विकलं. तोंडाची फटकळ, पण गिऱ्हाईक तुटू देईल तर शपथ. "आजी, स्वतःचंच रक्त घालता की काय यात? पांढऱ्याफटक पडलात," कुणी म्हणालं, तर ती म्हणे, "तुझ्यासारख्या खादाडाला पुरवायचं तर घालावंच लागतं."

मनातून मात्र ती टरकली होती. तिची आई बहात्तराव्या वर्षी अशीच पांढरी पडत गेली. जखम नाही, ताप नाही. गावाने ठरवून टाकलं, एका शनिवारी सौनातली, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातली, शेवटची पाळी तिथे वसणाऱ्या अदृश्य 'त्याच्या'साठी सोडायला ती विसरली, म्हणून तो तिचं रक्त पितोय. त्यूने कधी विसरली नाही. दर शनिवारी गरम पाणी ठेवून दार लोटून घ्यायची. आता तिलाही बहात्तरावं लागलं होतं.

इस्पितळात रक्त चढवलं, तीन आठवड्यांत गायब. वरून नळी घातली, खालून घातली, काही सापडेना.

"शौचाला काळं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोज सॉसेज खाणाऱ्याला काळंच होणार. काय विचारता?"

डॉक्टरही तांपेरेचेच, तेच सॉसेज खाऊन वाढलेले. हसले आणि पुढे गेले. काय म्हणावं या माणसांना! सायमी नावाची नर्स उत्तरेकडची, ती हसली नाही. "आजी, दहा दिवस सॉसेज बंद."

अकराव्या दिवशीही काळंच. म्हणजे ते सॉसेजचं नव्हतं, तिचं स्वतःचंच रक्त होतं.

मग तिला कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली. आठवड्याने पडद्यावर तिचंच आतडं दिसलं. गुलाबी, ओलं, रिकामं भुयार. अचानक कोळ्यासारखा लाल डाग, त्यातून हळूहळू झिरपणारं रक्त. मग दुसरा. असे सात. ते आपल्याकडेच बघताहेत असं तिला वाटलं.

लांब नळीने एकेक डाग जाळला. "हृदयाची झडप अरुंद झालीय, त्यामुळेच हे डाग पडतात. ती बदलेपर्यंत नवे येतच राहतील," डॉक्टर म्हणाले. झडपेच्या ऑपरेशनला दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

सुई काढताना सायमीने सहज विचारलं, "आजी, तुमच्या आईकडे जेवायला काय असायचं?"

"रक्ताची धिरडी. रोज." त्यूने एवढंच बोलली आणि तिला रडू फुटलं. आईचंही रक्त असंच आतून गेलं असणार, आणि ते काळं धिरड्यांवरच ढकललं गेलं असणार.

शनिवारी संध्याकाळी तिने सवयीने सौनात पाणी ठेवलं. हात थबकला. इतकी वर्षं ज्याची मनधरणी केली, तो तिच्या पोटातच बसला होता.

"आई, तू काही विसरली नव्हतीस गं," ती अंधाऱ्या बाकांना म्हणाली आणि दार लोटलं.

आतून तापल्या दगडांवर पाणी पडल्यासारखा चर्र आवाज आला. दगडांवर पाणी तर कुणी टाकलं नव्हतं. त्यूने पोटावर हात ठेवून तशीच उभी राहिली.