खांबावरची तिसरी ओळ

निलव्वावर अन्याय झाला. गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांपासून पावणेआठपर्यंत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, देशी दारूच्या दुकानासमोर, विजेच्या खांबाखाली ती पडून होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते. तिला कुणी मारलं नाही, कुणी ढकललं नाही. म्हातारी प्यालेली आहे, एवढंच लोकांनी ठरवलं. जिनं उभी हयात माणसांना त्या दुकानातून ओढून आणण्यात घालवली, ती बाई दारुडी म्हणून पस्तीस मिनिटं धुळीत पडली होती. हे मी आधीच सांगून टाकते. स्मृतिलेख लिहिणारे हळूहळू मुद्द्यावर येतात, आणि मला ते जमत नाही.

बातमी आली तेव्हा मी नव्या पेठेत दारूबंदीच्या बैठकीला बसले होते. बाबांचा फोन आला. बाबा फोनवर फारसं बोलत नाहीत. ‘अव्वा गेली,’ म्हणाले. मग म्हणाले, ‘ग्लास माझा हुता.’ त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

अव्वा म्हणजे कानडीत आई. सगळी गल्ली निलव्वाला अव्वाच म्हणायची. ती मूळची मंद्रूपकडची. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. तिचा नवरा मल्लप्पा यंत्रमागावर होता आणि पीत होता. एका मे महिन्याच्या दुपारी तो त्याच खांबाखाली आडवा झाला. प्यालाय, उतरली की उठेल, असं म्हणत लोक पुढे गेले. ते खोटं नव्हतं, तो प्यालेलाच होता. पण मेला तो उन्हानं. अव्वा हे सांगायची तेव्हा तिचा आवाज अजिबात हलायचा नाही. ‘प्याला हुता, व्हय. पण तहान लागली हुती त्याला. ती कुणी इचारली न्हाई.’

त्यानंतर तिनं संध्याकाळची कॉफी सुरू केली. लोखंडी कढईत गूळ टाकायचा आणि तो काळपट होऊन कढईच्या कडेला धूर धरेपर्यंत हलवत राहायचं. गूळ जळाला असं आपल्याला वाटतं, त्याच्या एक क्षण आधी पाणी ओतायचं. मग सुंठ, चार मिरे, दोन लवंगा, जायफळाचा कीस. कॉफीची पूड सगळ्यात शेवटी. झाकण ठेवून ती खाली बसू द्यायची, फडक्यातून गाळायची आणि वर नावापुरतं दूध. ही कॉफी लाडाची नव्हती, ती घशाला लागायची. दारू सोडणाऱ्या माणसाला काय हवं असतं, हे अव्वाला कुठल्याही शिबिरात न जाता कळलं होतं. तीच वेळ हवी, तसाच जाड बुडाचा ग्लास हवा, शेजारी तशीच माणसं हवीत आणि गिळताना तशीच आग हवी. म्हणून सात वाजता तिच्या पायऱ्यांवर पाच बाप्ये ओळीनं बसायचे. ग्लास हातात दिला की ती म्हणायची, ‘आधी वास घे.’ माणूस वास घेईपर्यंत ती समोरून हलायची नाही. मग म्हणायची, ‘कुडी, तम्मा.’ पी रे भावा.

त्या पाचांत माझे बाबा होते. मी सात वर्षांची असताना ते पहिल्यांदा त्या पायरीवर बसले, आणि आमच्या घरातली भांडी फेकली जायची थांबली. मी चळवळीत आले ती त्या पायरीमुळे. पुस्तकं नंतर वाचली.

कुणी पायरीवर आला नाही तर अव्वाची एक पद्धत होती. त्याचा ग्लास भरायचा, वर बशी झाकायची आणि दुकानासमोर त्या खांबाखाली जाऊन उभं राहायचं. हाक मारायची नाही, आत डोकावायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. आतला माणूस कधी ना कधी बाहेर बघायचा आणि त्याला ती दिसायची. गल्लीतले नरसय्याकाका विणकर, घरी तेलुगू बोलणारे, ते एकदा मला म्हणाले, ‘पोरी, दोन तास उभी हुती माझ्यासाठी. बायकोला घाबरलो न्हाई कधी, पण त्या बशीला घाबरलो.’ माणूस आल्याशिवाय अव्वा घरी परतत नसे. एकदाही परतली नाही.

आणि एक सहावा ग्लास असायचा. तो खिडकीत ठेवायचा, मल्लप्पाचा. सकाळी तो रिकामा असायचा. मी लहानपणी विचारलं होतं, कोण पितं? ‘मांजर,’ अव्वा म्हणाली. मी म्हटलं, मांजर कॉफी पितं का? ती म्हणाली, ‘मिरे घातलेली पीत न्हाई,’ आणि भांडी घासायला लागली.

आता माझ्याबद्दल. दोन महिन्यांपूर्वी मी एक पत्रक लिहिलं. आमच्या भागातल्या प्रत्येक खांबावर ते लागलं. त्याची तिसरी ओळ अशी होती : ‘रस्त्यात लोळणाऱ्या दारुड्याला हात देऊ नका, त्याला लाज वाटू द्या.’ छापायला देण्याआधी मी ते अव्वाला वाचून दाखवलं होतं. ती लसूण सोलत होती. म्हणाली, ‘ती ओळ काढ.’

‘कोणती?’

‘तुला म्हाईत हाय कोणती.’

मी म्हटलं, अव्वा, लोकांना धक्का बसल्याशिवाय ते जागे होत नाहीत. तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘धक्का कशाला? पडलेलाच हाय की त्यो.’ मी हसले. मला वाटलं, म्हातारीला नवऱ्याची आठवण आली. ओळ तशीच छापली.

त्या मंगळवारी बाबा कारखान्यात अडकले होते. वीज गेली होती आणि ती आल्यावर राहिलेलं काम संपवून जा, असं मालकानं सांगितलं. सात वाजले, पायरीवर चारच जण. अव्वानं पाचवा ग्लास भरला, बशी झाकली आणि ती निघाली. खांबाखाली उभी राहिली. दुकानात बाबा नव्हतेच. ती एका रिकाम्या दाराकडे बघत उभी होती, आणि तिथेच तिचा पाय लटपटला, जीभ जड झाली, ती बसली आणि कलंडली. तो पक्षाघात होता, हे नंतर कळलं. पायरीवरच्या चौघांना तिच्या दोन-दोन तास उभं राहण्याची सवय होती, आणि रस्त्यानं जाणारे लोक तिला ओळखणारे नव्हते; त्यांना जळक्या गुळाचा वास आला. गावठीलाही गुळाचाच वास असतो. समोर दुकान, हातात ग्लास, तोंडून अर्धवट कानडी... आणि डोक्यावर खांबाला माझं पत्रक. रस्त्यापलीकडच्या पानवाल्यानं मला नंतर सांगितलं, त्याच्या आवाजात जराही खोच नव्हती, ‘ताई, एक जण उचलाय वाकला हुता. दुसऱ्यानं वर बोट दावलं. वाच म्हणला.’

साडेसातला मी तिथून रिक्षानं गेले. हे मी अजून बाबांना सांगितलेलं नाही. आज ते इथे वाचतील. मला चारपाच माणसांच्या पायांमधून धुळीतला एक हात आणि एक ग्लास दिसला. रिक्षावाला म्हणाला, ‘म्हातारीला चढली वाटतं.’ मी बैठकीला उशिरा पोचत होते. मनात आलं, आता बायकासुद्धा. पुढच्या पत्रकासाठी हे वाक्य बरं आहे, असंही मनात आलं.

पावणेआठला बाबा परतले. त्यांनी रस्त्याच्या पलीकडूनच वास ओळखला. वीस वर्षं ज्याला रोज आधी वास घ्यायला लावलं, तो एकटा माणूस गर्दीतून वाकला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर...

यानंतरचं लिहावं की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. भुताखेतांविरुद्धही मी पत्रकं वाटलेली आहेत. तरी जे पाहिलं ते लिहिते. ती गेल्याच्या तिसऱ्या दिवसापासून सात वाजले की चौघेजण तिच्या बंद दारासमोर पायऱ्यांवर येऊन बसू लागले. कुणी बोलवलं नव्हतं. बसतात आणि उजवा हात अर्धवट मिटून मांडीवर ठेवतात, मधे एका ग्लासाएवढी जागा सोडून. बाबा त्यांच्यात नव्हते. गल्लीत कुजबुज सुरू झाली की ते पुन्हा दुकानाकडे जातात. मी मागोमाग गेले. ते दुकानात शिरले नाहीत. खांबाखाली उभे राहिले, तोंड दुकानाकडे न करता, उलट्या बाजूला.

‘बाबा, काय करताय?’

‘माणूस आल्याबिगर ती परतत न्हाई,’ ते म्हणाले. ‘मी आत नव्हतोच हे तिला कुटं म्हाईत हाय? उभी असंल अजून.’ मग शेजारच्या रिकाम्या जागेला अगदी साध्या आवाजात म्हणाले, ‘आलो, अव्वा. चल घरी.’

आम्ही परत निघालो. ते सावकाश चालत होते, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालावं तसे, डावीकडे एक पाऊल जागा ठेवून. आम्ही पायऱ्यांजवळ आलो तेव्हा नरसय्याकाका सरकले. जेवढं बाबांसाठी सरकायला हवं होतं, त्यापेक्षा जास्त सरकले. आणि बंद खोलीतून जळक्या गुळाचा वास आला. चौघांनी डोकी उचलली. मी शेजारच्या तीन घरांत जाऊन विचारून आले, चुलीवर काय आहे? दोन घरांत भाकरी होती, तिसऱ्या घराला कुलूप होतं.

हे रोज होतं. बाबा रोज जातात, रोज तिला घरी आणतात आणि दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा तिथेच असते.

खोलीची किल्ली आता आमच्याकडे आहे. गेले बारा दिवस कॉफी मी करते. पहिल्या दिवशी गूळ कच्चा राहिला. नरसय्याकाका म्हणाले, ‘औषध चांगलं हाय. कॉफी कधी?’ दुसऱ्या दिवशी गूळ जळून कोळसा झाला. परवा मी कढईसमोर उभी होते, धूर धरत होता, आता थांबावं की नाही ते कळेना, आणि माझा हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे गेला. मी नेला नाही. वास बरोबर आला. बाहेर कुणीतरी घसा साफ केला.

खिडकीत आता दोन ग्लास ठेवते. सकाळी दोन्ही रिकामे असतात. मांजराबद्दल मी कुणाला विचारलेलं नाही.

पण ती रोज संध्याकाळी खांबाखाली परत का जाते, हे मला कळलं आहे. काल मी बाबांबरोबर गेले होते. दुकानाच्या अलीकडे एक पोरगेलासा माणूस पालथा पडला होता आणि लोक वळसा घालून जात होते. वर माझी ओळ होती. पावसानं अर्धं पत्रक गेलंय, नेमकी तेवढीच ओळ शाबूत आहे. मी वाकले. तो प्यालेला होता. मी त्याला त्याचं नाव विचारलं, पाणी हवं का विचारलं. हवं होतं.

ते पत्रक मी सहा पेठांमध्ये लावलं आहे. सगळे खांब मला एकटीला सापडणार नाहीत. आज संध्याकाळी तुमच्या गल्लीतल्या खांबापाशी जा. तिसरी ओळ खोडा. पेन नसेल तर नखानं खरवडा. आणि खाली कुणी पडलेलं असेल, तर आधी वाका, वास नंतर घ्या.