जंतूंना बाहेरून येणारा डबा

औषध घातलेल्या नळ्याही गढूळ झाल्या होत्या. म्हणजे जंतू मजेत वाढले होते.

"मॅडम, काय आलं?" निसारभाईंनी विचारलं. हडपसरच्या आमच्या औषध कंपनीत ते केमिस्ट, मी मायक्रोबायॉलॉजिस्ट. कंपाउंड, म्हणजे औषधाचं नवं रसायन, त्यांनी बनवायचं, जंतूंवर मी तपासायचं. मी नळी उजेडात धरली. त्यांचा चेहरा पडला.

आमचं टार्गेट होतं जंतूंमधलं एक एन्झाइम. डीएनए बांधायला प्युरिन नावाचा माल लागतो. तो बनवण्यातली एक पायरी हे एन्झाइम पार पाडतं. माणसातलं एन्झाइम निराळ्या घडणीचं. तेव्हा आपल्याला धक्का न लावता जंतूंचं उत्पादन बंद पाडायचं, असा बेत. नुसतं एन्झाइम घेतलं तर निसारभाईंचं कंपाउंड ते झटक्यात थांबवायचं. मग जंतू का मरत नव्हते?

"सोमवारी रिव्ह्यू आहे," आमचे बॉस गोडबोले सर म्हणाले. "जंतूंचं टॉनिक आपल्याला विकायचं नाहीये." प्रोजेक्ट बंद झाला की निसारभाईंची टीम मोडणार, हे उघड होतं.

मला काही चैन पडेना. दुसऱ्या दिवशी ब्रॉथ, म्हणजे जंतूंचं पातळ खाद्य, बनवायला यीस्ट एक्स्ट्रॅक्टची बरणी उघडली आणि हात थांबला. यीस्ट म्हणजे तरी काय, पेशीच. त्यात तयार प्युरिन भरपूर! सगळे असाच ब्रॉथ बनवतात, म्हणून आम्हीही बनवत होतो. जंतूंच्या घरातला गॅस आम्ही बंद केला होता, पण मेसचा डबा वेळेवर येत होता.

प्युरिन नसलेला ब्रॉथ बनवून त्यात कंपाउंड तपासलं. या वेळी नळी स्वच्छ राहिली.

"यात जंतू घातलेत ना नक्की?" निसारभाईंनी विचारलं. मला इतका आनंद झाला होता की रागावायचंही राहून गेलं.

रिव्ह्यूमध्ये गोडबोले सरांनी नळी पाहिली. "छान. पेशंटच्या रक्तात प्युरिन असतं का हो?"

"असतं सर. पण जंतूंना पुरेल का, ते माहीत नाही."

"मग बघा की."

त्याच ब्रॉथमध्ये माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घातलं. कंपाउंड असूनही नळी गढूळ झाली.

निसारभाईंनी ती उजेडात धरली. "म्हणजे माझं कंपाउंड बरोबर होतं?"

"अगदी बरोबर होतं."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. मला मात्र फार वाईट वाटलं. प्रोजेक्ट बंद झाला, त्यांची टीम पांगली आणि ते कंपनीतच दुसऱ्या कामावर गेले.

एन्झाइम थांबतं का, हे आम्ही सगळ्यात आधी विचारलं होतं. जंतू जिथे राहणार तिथे त्यांना काय खायला मिळतं, हे सगळ्यात शेवटी. नंतर निवृत्त होईपर्यंत माझ्याकडे असलं टार्गेट आलं, की पहिल्याच तपासणीत एका नळीत सीरम पडायचं. केमिस्ट वैतागायचे. निसारभाई मात्र सीरमवाली नळी आधी मागायचे.