केंद्राची पॉवर कमी झाल्याची तक्रार

लोहारा ते उमरगा काळीपिवळी जीप चालवणारे जाफर मुजावर गेलं वर्षभर एकच तक्रार करत होते. मीडियम वेव्हचं रेडिओ केंद्र वीस किलोवॅटचं होतं, ते कोणालाही न सांगता दहावर आणलं आहे. सकाळच्या बातम्या पूर्वीसारख्या पोचत नाहीत.

डॅशबोर्डवर तारेनं बांधलेल्या रेडिओसोबत त्यांनी निम्मं आयुष्य काढलं आहे. कोणत्या केंद्राची ताकद किती, विजेच्या मोठ्या तारांखाली आवाज कुठं फाटतो, अंधार पडल्यावर कर्नाटकातलं कोणतं केंद्र आत घुसतं, हे ते प्रवाशांनी न विचारताही सांगत. जुने ट्रान्समीटर एकेक करून बंद होऊ लागले, तसं या माहितीला गिऱ्हाईक उरलं नाही.

घरची काळजी वेगळी होती. मागच्या महिन्यात एका वळणावर मागून आलेला ट्रक हॉर्न देत देत जीपला जवळजवळ घासून पुढं गेला. जाफरभाईंनी बाजू दिलीच नाही. त्यांची मुलगी फरहाना शेजारी बसली होती.

"अब्बा, हॉर्न ऐकला न्हाय?"

"त्यानं दिलाच न्हाय."

जीप शंभू नावाच्या मालकाची. त्याला हे कळलं तर चावी जाणार, हे बापलेकीला माहीत होतं.

रेडिओ ऐकणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून फरहानानं बसवराज यांचा नंबर मिळवला. असे ट्रान्समीटर सांभाळून ते निवृत्त झाले आहेत. जाफरभाईंनी मोठ्या उत्साहानं फोन लावला. स्पीकर चालू होता.

"ओरडू नका हो, ऐकू येतंय मला," बसवराज म्हणाले.

"पॉवर निम्मी केली तुमच्या लोकांनी, व्हय ना साहेब?"

"केली असेलही. मला आता कोण सांगतंय? पण निम्मी केली तरी कानाला जेमतेम कळतं. किलोवॅट निम्मे म्हणजे आवाज निम्मा, असं नसतं. रेडिओ तेवढं सांभाळून घेतो."

"मग बारीक का येतंय?"

"सिग्नल कमी पडला की खरखर वाढते. वाढलीय का?"

जाफरभाईंनी आठवून सांगितलं, "न्हाय. खरखर बी कमी झालीय. लई साफ येतंय आता, फक्त बारीक."

बसवराज म्हणाले, "जवळ कोणी आहे का? त्यांना विचारा, खरखर येते का."

"लई येती," फरहाना म्हणाली. "पयल्यापासून येती."

"मग सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगितलं की, अब्बा. तुम्ही म्हणला, पोरींचे कान मोबाइलनं गेलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाफरभाई नेहमीप्रमाणे जीप भरून निघाले. मागच्या सीटवरच्या कमलबाईंनी आपल्या वस्तीपाशी थांबायला हाक मारली. जीप पुढं गेली. त्यांनी पुन्हा हाक मारली, शेवटी लोकांनी टपावर हात आपटले.

"बहिरे झालात काय, ओ ड्रायव्हर!" कमलबाई चिडून म्हणाल्या.

हा टोमणा त्या रस्त्यावर प्रत्येक ड्रायव्हरला रोज ऐकावा लागतो. जाफरभाईंकडं त्याला उलट उत्तर ठरलेलं असे. त्या दिवशी त्यांनी भरलेली जीप मागं वळवली, कमलबाईंना वस्तीवर सोडलं आणि बाकीच्यांना उमरग्याला पोचवलं. परतीला एकही प्रवासी घेतला नाही.

लोहाऱ्याच्या स्टँडवर त्यांनी शंभूच्या हातात चावी दिली.

"गाडी बिघडली काय, चाचा?"

"गाडी न्हाय. माझे कान."

शंभू आधी हसला. मग त्यानं चावी खिशात टाकली आणि काहीतरी बोलला. जाफरभाई त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले.

"मशीन बसवा कानाला," शंभू पुन्हा, ओरडून म्हणाला. "मग बघू!"

रांगेतल्या सगळ्या ड्रायव्हरांनी माना वळवल्या.