पाचूबंदरला मागितलेली माफी

मी विरारला राहते आणि वसईतल्या एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपासून शनिवारी संध्याकाळी स्टँडअप करते, म्हणजे एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक खुर्च्यांसमोर उभी राहून विनोद सांगते. घरच्यांना वाटतं, मुलांसमोर बोलून हौस फिटत नाही म्हणून हे उद्योग. खरंही असेल.

त्या शनिवारी शाळेतली विज्ञानाची मैत्रीण आली होती. सोबत तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते. मैत्रीण वसईच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातली, घरची बोट आहे, आई आयुष्यभर धक्क्यावर मासळी विकत आली. दोघी अगदी पहिल्या रांगेत बसल्या. खरं तर तेव्हाच मी तो विनोद गाळायला हवा होता. पण तो माझा हमखास चालणारा विनोद होता.

विनोद असा, की आमच्या शाळेत मीटिंगला एकेक जण पाळीपाळीने बोलतो आणि तीन तासांत काहीच ठरत नाही. पाचूबंदरच्या लिलावात मात्र पन्नास बायका एकदम ओरडतात आणि पाच मिनिटांत टोपल्या रिकाम्या. मग मी आवाज चढवून, हात कमरेवर ठेवून नक्कल करायचे आणि म्हणायचे, "पापलेट जाळ्यात मरत नाही हो, धक्क्यावर यांचा आवाज ऐकून जीव सोडतं!"

मी नुसतं "पाचूबंदर" म्हटलं आणि मावशी उठल्या. पदर सावरत, कोणाकडे न बघता जिना उतरून गेल्या. मी थांबू शकले नाही, तोंड चालूच राहिलं. लोक हसले. सगळ्यात जास्त हसली ती मैत्रीण, रिकाम्या खुर्चीशेजारी, डोळे पुसत.

घरी आल्यावर मी तिला मेसेज केला, "आई रागावल्या का?"

"अगं नाही, बोट लवकर लागली म्हणून घरून फोन आला," तिचं उत्तर.

मला ते पटलं नाही. चांगली माणसं असंच म्हणतात. रविवारी सकाळी मी कोणालाही न सांगता पाचूबंदरला गेले. मैत्रीण घरी नव्हती. मावशी चर्चमधल्या मिस्साहून येऊन चांगल्या साडीतच ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"ये बाय, बस. काल तुझा कार्यक्रम आरधा टाकून आली मी," त्या म्हणाल्या. "बोट आली, मग कोन थांबतं?"

तिथेच गप्प बसायचं. पण मी म्हटलं, "मावशी, मी माफी मागायला आले. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"कशाचं?"

"त्या विनोदाचं."

"कोनता? सांग की."

मग मला तो सांगावा लागला. सकाळच्या उजेडात, खालच्या आवाजात, नक्कल न करता. शाळेच्या मीटिंगपर्यंत त्या हसऱ्या चेहऱ्याने ऐकत होत्या. पापलेटापाशी आल्यावर त्यांचा लसूण सोलणारा हात थांबला.

"आवाज नाय लावला तर भाव कोन देनार?" त्या म्हणाल्या. मग हातातली पाकळी खाली ठेवून, "लोक हसले?"

"हो."

"आमची पोरगी पन?"

"लाइट डोळ्यावर असतो, मावशी. दिसत नाही."

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायले.

सोमवारी स्टाफरूममध्ये मैत्रिणीने मला खिडकीपाशी नेलं. "तुला सांगितलं होतं ना, बोट आली म्हणून?"

"मला वाटलं, तू माझं मन राखतेयस."

"आईने मला विचारलं, तू हसलीस का. मी हो म्हटलं. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही. कालपासून माझ्याशी धड बोलली नाहीये ती." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "आणि तिला वाईट वाटणारच, हे तूच कसं ठरवलंस? तिने तो स्टेजवरून ऐकला असता तर कदाचित हसलीही असती."

कदाचित. किंवा तेव्हाच तिथे उठून मला चार शब्द सुनावले असते. आता ते कळायला मार्ग नाही. मी सॉरी म्हटलं, तर ती म्हणाली, "आता पुन्हा माफी नको."

माय-लेकींचं आठवड्याभरात पूर्ववत झालं, असं तीच म्हणाली. ती डबा माझ्यासोबत खाते, कार्यक्रमाला मात्र आलेली नाही. तो विनोद मी एकदा नक्कल वगळून करून पाहिला. कोणी हसलं नाही. त्यानंतर सोडून दिला.

मध्यंतरी आगाशीच्या बाजारात मावशी भेटल्या. केळी निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय गो, आता कोनावर करतेस?"

"स्वतःवरच," मी म्हटलं.

"मग हसतात का लोक?"

"कमी."

त्या हसल्या. टोमणा होता की गंमत, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी "येते हं मावशी" म्हटलं आणि काही न घेताच बाजारातून बाहेर पडले.