दहा आकड्यांच्या आत

मुलाने ते फोनवर आईला सांगितले, मला नाही. उजवा गुडघा रोज संध्याकाळी सुजतो, पट्टी बांधून तो धावतो, आणि हे कुणाला कळता कामा नये. लष्करी प्रबोधिनीतले त्याचे ते अखेरचे वर्ष होते. कावीळ झाल्याने त्याचे एक सत्र आधीच गेले होते. आजारपणात दुसरेही गेले की मुलाला घरी पाठवतात, असे तो म्हणाला. "आई, तू कुणाशी बोललीस तर मी घरी. कायमचा."

तिने दोन दिवस ते पोटात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी जेवताना मला सांगितले. मी जेवण पुरे केले. 

मी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एकतीस वर्षे प्रेस मशिनवर काम केले. डाव्या हाताचे अर्धे बोट मशिनखाली गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर होतो. ही गोष्ट मुलाला लहानपणी मी अनेकदा सांगितली होती, आणि अभिमानाने सांगितली होती. तेव्हा त्याला हे शिकवले कोणी, हे शोधायला मला दूर जावे लागले नाही.

त्यांच्या प्रबोधिनीचा आणि नौदलाच्या प्रबोधिनीचा दरवर्षी फुटबॉलचा सामना होतो. दोन्हीकडे तो इभ्रतीचा मानतात. त्या वर्षी तो अंधेरीच्या एका मैदानावर ठरला आणि मुंबईतल्या पालकांना आमंत्रणे आली. बायकोचे म्हणणे एकच होते. तिथे त्याचे साहेब भेटतील, त्यांना सांगा. "सांगितलं तर कदाचित घरी पाठवतील. नाही सांगितलं आणि पाय गेला, तर कोण ठेवून घेणार आहे त्याला?" तिचे बरोबर होते. मुलाचेही मला बरोबर वाटत होते. सामन्याच्या दिवशी दाढी करताना मी ठरवले की सांगायचे. साहेब परप्रांतीय असतील या समजुतीने हिंदीत एक वाक्य जुळवले आणि रिक्षात बसल्यावर ते मनात चार वेळा म्हटले.

खेळणाऱ्या मुलांना सामन्याआधी पालकांना भेटण्याची परवानगी नव्हती. पालकांसाठी मंडपात चहा होता. संघाचे प्रमुख अधिकारी एकेका कुटुंबापाशी थांबत होते. ते आमच्यापाशी आले आणि सरळ मराठीत बोलले.

"नमस्कार काका. कुठून आलात? चारकोप? अहो, मग आपण मुंबईकरच. मी मुलुंडचा."

माझे हिंदी वाक्य जागच्या जागी राहिले.

"मुलगा छान खेळतो तुमचा. त्याची काही अडचण? घरी काही बोलला का? आम्हाला ही मुलं काही सांगत नाहीत, म्हणून विचारतो."

इतके स्पष्ट मला आयुष्यात कुणी विचारले नव्हते. पण साहेबाने विचारले की एकतीस वर्षे मी एकच उत्तर देत आलो होतो, आणि तेच तोंडातून गेले.

"काही नाही साहेब. सगळं व्यवस्थित आहे."

बायको माझ्या मागे अर्ध्या पावलावर उभी होती. तिने तोंड उघडले. मी तिच्याकडे पाहिले. तिने ते मिटले. चारचौघांत नवऱ्याचा शब्द खोडायचा नाही, हे ती माहेरून शिकून आली होती, आणि मी तिला त्याचा कधी विसर पडू दिला नव्हता. साहेब नमस्कार करून पुढच्या कुटुंबाकडे गेले.

"मध्यंतरात सांगतो," मी म्हणालो.

"सांगशात?" ती म्हणाली. संतापली की ती मालवणीवर येते. एरवी नाही.

दोन्हीकडच्या पालकांना एकाच बाजूला बसवले होते. आमच्या पुढे घाटकोपरचे एक गृहस्थ होते, त्यांचा मुलगा नौदलाकडून खेळत होता. त्यांनी मागे वळून मला छेडले, "काय हो, तुमच्या पोरांना बंदूक नसली की गोल दिसत नाही वाटतं?"

आमच्या रांगेतल्या एक बाई लगेच म्हणाल्या, "आणि तुमच्यांना कोणी सांगितलं का, की इथे पोहायचं नाहीये?"

सगळे हसले. मीही हसलो. बायको मैदानाकडे पाहत होती. सगळ्या मुलांची हजामत सारखी, बांधा सारखा. मी पाठीवरचे आकडे शोधत होतो, तिने चालीवरून ओळखला. "तो बघा, डावीकडचा. पाय ओढतो."

तो मध्यंतराच्या बराच आधी एकदा पडला. समोर त्याच्याच प्रबोधिनीची शेदोनशे मुले उभी होती. ती एका सुरात मोजू लागली. एक! दोन! तीन!

"ही त्यांची रीत आहे," घाटकोपरचे गृहस्थ म्हणाले. त्यांचा थोरला मुलगा याच लष्करी प्रबोधिनीतून शिकून बाहेर पडलेला. "पडला की दहाच्या आत उठायचं. नाही उठला तर सत्रभर पोरं त्याला झोपाळू म्हणून हाक मारतात."

सहाला तो उठला.

मध्यंतरात मी खाली गेलो. खेळाडूंभोवती दोर लावला होता आणि साहेब आत मुलांशी बोलत होते. दोरापाशी उभ्या असलेल्या मुलाने अदबीने अडवले. "अंकल, अभी नहीं. मॅच के बाद." साहेब पंधरा पावलांवर होते. हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. माझ्या मुलालाही ऐकू गेली असती. तो पाठमोरा बसून गुडघ्याची पट्टी आवळत होता. मी परत येऊन बसलो. 

उत्तरार्धात तो पुन्हा पडला. कुणी धक्का दिला नव्हता. वळताना पाय अडकला आणि तो कुशीवर कोसळला. समोरून मोजणी सुरू झाली. चारला त्याने हात टेकले. पाचला गुडघा जवळ ओढून पाहिला आणि सोडला. सहाला माझ्या मनगटावर बायकोची बोटे रुतली.

"तुमी पण मोजतास?" ती म्हणाली.

मी उभा होतो. मोठ्याने मोजत होतो. ते मला तिच्याकडून कळले.

नवाला तो उठला. मैदान दणाणले. घाटकोपरचे गृहस्थसुद्धा टाळ्या वाजवत होते. मुलाने उजव्या पायावर एक पाऊल टाकले आणि तो खाली कोसळला. या वेळी कुणी मोजले नाही.

रुग्णालयात संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले की गुडघ्याचा बंध आधी अर्धवट फाटलेला होता, आता पुरता तुटला. पडला तेव्हा पडून राहिला असता तर कदाचित निभावले असते. मुलुंडचे साहेब बाहेर बाकावर बसले होते. ते म्हणाले, "काका, खेळातल्या दुखापतीने गेलेलं सत्र आम्ही धरतच नाही. मुलांमध्ये उगाच अफवा असतात. महिन्यापूर्वी कळलं असतं, तर..."  मंडपातले माझे उत्तर त्यांना आठवत असणार. त्यांनी तो विषय काढला नाही.

मी आत गेलो. बायको त्याच्या उशाशी होती. त्याने माझ्याकडे पाहिले.

"बाबा, कुणाला सांगितलं नव्हतं ना तुम्ही?"

"नाही."

"आईची भीती होती मला. तुमची नव्हती." मग तो म्हणाला, "थँक्स बाबा."

बायको उठून बाहेर गेली.

चार महिन्यांनी वैद्यकीय मंडळाने गुडघा लष्कराच्या कामाचा राहिला नाही असे ठरवून त्याला घरी पाठवले. तो आता अंधेरीतल्या एका कार्यालयात काम करतो. जिना उतरताना कठडा धरतो. साहेबांनी मला विचारले होते, समोर उभे राहून, मराठीत विचारले होते, हे त्याला अजून ठाऊक नाही. त्याच्या आईने सांगितले नाही. दुखापतीचा दोष तो स्वतःकडे घेतो आणि मी समोर बसून ऐकून घेतो. तोंडाने सांगणे मला आजवर जमले नाही, म्हणून लिहिले. हे कागद येत्या रविवारी त्याच्या हातात देणार आहे.